उचलला, पण ठेवला कुठे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या डीपीमागे, कचऱ्याचा ढीग साठला. डीपीचा आडोसा दिसला की पिशवी भिरकवायची ही आपली जुनी सवय, त्यामुळे ढिगाचं नवल नव्हतं. तीन दिवस झाले तरी तो हलेना म्हणून मी फोटो काढला आणि भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'तीन दिवस कुणी उचलत नाही. प्रशासन झोपलंय का?' भराभर अंगठे आले. एका माजी नगरसेवकाच्या कार्यकर्त्यानं 'लगेच बघतो, सर' असं लिहिलं आणि खरोखरच दुपारच्या आत गाडी येऊन जागा मोकळी झाली. संध्याकाळी त्यानं दोन फोटो टाकले, आधीचा आणि नंतरचा. नंतरच्या फोटोत तो स्वतः उभा होता. 'साहेबांच्या पाठपुराव्याला यश!'

आधीचा फोटो माझाच होता. तो मोठा करून पाहिला तेव्हा ढिगाच्या टोकावर ऑनलाइन मागवलेल्या कुठल्याशा वस्तूचा खोका दिसला. पावसानं मऊ पडलेला, पण वर चिकटवलेला पत्ता शाबूत. आमची सोसायटी, आमची विंग, आमचा मजला. फ्लॅटचा नंबर माझा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. शेजारचा होता, आणि त्या शेजाऱ्यांनीही माझ्या फोटोला अंगठा दिला होता.

त्या दिवशी आम्ही सगळे एकाच क्रियापदावर बोलत होतो. उचलला का, कधी उचलणार, कोण उचलत नाही. महापालिकेच्या बैठकीत, वर्तमानपत्राच्या शहर पानावर, निवडणुकीच्या जाहीरनाम्यात हेच क्रियापद असतं. उचललेली वस्तू कुठंतरी ठेवावी लागते, हे घरातल्या पोरालासुद्धा कळतं. पुणं दिवसाला दोन हजार टनांहून जास्त कचरा उचलतं. मला वाटतं, या शहरातलं कचऱ्याचं राजकारण, कचऱ्याची पत्रकारिता आणि कचऱ्याची कंत्राटं, तिन्ही 'उचलला' या शब्दापाशी येऊन थांबतात. पैसा उचलण्याला मिळतो, मतं उचलण्याला मिळतात, बातमीही न उचलण्याचीच होते. मग जिरवायचं कुणाला पडलंय?

ठेवला कुठे, याचा इतिहास फार लांबचा नाही. कोथरूडला कचरा डेपो होता. कोथरूड वाढलं, इमारती झाल्या, तिथं मतदार राहायला आले आणि डेपो बंद झाला. त्या जागेवर आता मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात. कचरा मात्र नव्वदीच्या सुरुवातीपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरच्या पुढं सासवड रस्त्यावर जाऊ लागला, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या जमिनीवर. दीडशेहून जास्त एकर. सासवडला जाताना मंतरवाडी जवळ आली की आम्ही गाडीच्या काचा वर करायचो, आणि वास मागं पडला की पुन्हा खाली करून दिवेघाटाचं वारं घ्यायचो. ज्ञानोबांची पालखी दर आषाढीला याच वाटेनं घाटाकडे जाते. तिथं राहणाऱ्यांना वर करायला काचा नव्हत्या. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यानं, ज्याला अधिकारी 'लिचेट' म्हणतात, विहिरी नासल्या आणि महापालिकेला त्या गावांना टँकरनं पाणी द्यावं लागलं. म्हणजे पुण्याकडून गावाकडं दोन प्रकारच्या गाड्या जात होत्या, एक कचऱ्याची आणि दुसरी त्या कचऱ्यानं नासवलेल्या पाण्याच्या बदली पाण्याची.

एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. जवळजवळ तीन आठवडे पुण्याचा कचरा पुण्यातच राहिला. तेव्हा आपला लाडका शब्द पुन्हा मथळ्यात आला, 'कचराकोंडी'. हा शब्द नीट न्याहाळा. कोंडी कुणाची? शहराची. मोजणी कधीपासून? गाड्या अडल्या त्या दिवसापासून. 'कचराकोंडीचा दहावा दिवस', 'पंधरावा दिवस'. त्याच्या आधीची पंचवीस वर्षं जी गावं त्या वासात कोंडून पडली होती त्यांच्यासाठी शब्द घडवावा असं कुठल्याही संपादकाला वाटलं नाही. महापौर आणि पालकमंत्री दोघंही तेव्हा परदेशात होते, त्यामुळे काही दिवस कचऱ्याची बातमी बाजूला पडून दौऱ्याची बातमी रंगली. शेवटी मुख्यमंत्री गावकऱ्यांशी बोलले, मुदत मागितली, गाड्या सुरू झाल्या. कोंडी 'फुटली'. बातमीही तिथंच संपली, कारण कचरा पुन्हा जायला लागला होता.

पुढचा भाग तर कुठल्याही वगनाट्यात शोभला असता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही दोन्ही गावं इतर नऊ गावांबरोबर महापालिकेत घेतली. कचरा पंचवीस वर्षं आधी गेला होता, शहर मागून पोचलं. सोयी येण्याआधी मिळकतकराची बिलं आली, लोक वैतागले, आणि २०२४ मध्ये राज्य सरकारनं दोन्ही गावं महापालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. डेपो मात्र पुण्याचाच राहिला. गाव घेतलं, गाव परत दिलं, ढीग ठेवून घेतला.

हे दुखणं एकट्या पुण्याचं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या गाड्या नारेगावच्या लोकांनी अडवल्या. वर्षानुवर्षं तिथं कचरा टाकल्यावर ते 'आता पुरे' म्हणाले होते. महापालिकेनं काय केलं, तर गाड्या दुसऱ्या दिशेला, मिटमिट्याकडे वळवल्या. तिथं दगडफेक झाली, लाठीमार झाला, पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवावं लागलं. एका गावानं नाही म्हटलं की दुसरं गाव शोधायचं, याला आपण नियोजन म्हणतो. मुंबईचा देवनारचा कचरा डेपो तर १९२७ पासून आहे.

बातमीदारांवर राग काढण्यात अर्थ नाही. शहर पानाला फोटो लागतो आणि ढिगाचा फोटो मिळतो. कचरा न दिसण्याचा फोटो कसा काढणार? पण मालकांबद्दल आणि संपादकांबद्दल मी एवढा उदार नाही. इंदूर पहिलं आलं, आपण कितवे, या स्वच्छ शहरांच्या यादीला पहिलं पान मिळतं. यादीत कुणाला कशाचे गुण मिळाले, कागदावर चालू असलेल्या किती प्रकल्पांची चाकं खरी फिरतात, ही बातमी करायला माणूस आठवडाभर प्रकल्पांच्या दारात उभा करावा लागतो. ते परवडत नाही. शिवाय ज्या नेत्याच्या वाढदिवसाची पानभर रंगीत जाहिरात मंगळवारी छापली, त्याला बुधवारी 'तुमच्या प्रभागातला ओला कचरा जातो कुठे?' असं विचारायचं कुणी? त्या जाहिरातीचं पान निदान रद्दीत जातं, आणि रद्दीला भाव आहे.

भाव कशाला आहे आणि कशाला नाही, हे मला शिकवलं आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी. त्या 'स्वच्छ'च्या सभासद आहेत. मागची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती पुण्याला अभिमान वाटावा अशी आहे आणि पुण्यातच फार जणांना ठाऊक नाही. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांनी कचरा वेचणाऱ्यांची संघटना बांधली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातून पुढं 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. तीन हजारांहून जास्त माणसं, बहुतेक बायका, घरोघरी जाऊन कचरा घेतात. घरटी महिन्याला शंभराच्या आत पैसे, आणि सुका माल विकून जे येईल ते त्यांचं.

एकदा सकाळी कामाला जाताना मी मावशींजवळ थांबलो. ढकलगाडी फुटपाथला लावलेली, आणि त्या गोणीवर बसून आमच्या इमारतीच्या पिशव्या सोडत होत्या. पुठ्ठा एकीकडे. पाण्याच्या बाटल्या, ज्यांना त्या कुठल्याही कंपनीच्या असल्या तरी 'बिसलरी' म्हणतात, दुसरीकडे. दुधाच्या पिशव्या तिसरीकडे. हात इतके भराभर चालत होते की डोळ्यांची गरज नसावी. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी आली. त्यांनी ती उलगडली आणि लगेच पुन्हा मिटली. वापरलेलं सॅनिटरी पॅड. पुडीवर लाल ठिपका काढून ते वेगळं द्यावं, अशी विनंती या बायका कित्येक वर्षं करताहेत. लाल पेनानं एक ठिपका, तेवढाच. वेफर्सची दोन चकचकीत पाकिटं माझ्यापुढं धरून त्या म्हणाल्या, "दादा, ह्याला कुत्रं विचारत नाही." मी ऑफिसला उशीर होतोय असं म्हणून निघालो.

आता हिशेब बघा. मावशींनी किलोभर पुठ्ठा वेगळा काढला तर तो त्यांना भंगाराच्या दुकानात विकता येतो, म्हणजे कचरा डेपोकडे न जाण्यात त्यांचं पोट आहे. कचरा वाहणाऱ्या कंत्राटदाराला साधारणपणे टनावर पैसे मिळतात. वजनकाट्यावर गाडी जितकी जड तितकं बिल मोठं. ओला-सुका एकत्र असला, पावसात भिजला, त्यात चार पाट्या राडारोडा मिसळला, तर त्याचं नुकसान काहीच नाही. माणसं चांगली-वाईट असण्याचा हा प्रश्नच नाही. ज्या कामाचे पैसे आपण देतो ते काम वाढतं. आपण वजन उचलण्याचे पैसे देतो, वजन वाढतं.

आणि यातली कुठली व्यवस्था राजकारण्यांना नकोशी होते? २०२० च्या अखेरीला 'स्वच्छ'चा करार संपला, तेव्हा नवा करार करायच्या ऐवजी महिना-दोन महिन्यांच्या मुदतवाढी सुरू झाल्या. नुकत्याच करोनाच्या टाळेबंदीत आपण दारं लावून बसलो असताना आपल्या दारातून कचरा नेलेल्या बायका पुढच्या महिन्यात काम राहील की नाही या चिंतेत होत्या. घरोघरचं कामही खासगी कंपन्यांना द्यावं असं म्हणणारे नगरसेवक कमी नव्हते. मोठ्या निविदेभोवती जेवढी माणसं फिरू शकतात तेवढी तीन हजार ढकलगाड्यांभोवती फिरू शकत नाहीत, असा मी त्याचा अर्थ लावतो. नवा करार व्हायला २०२२ उजाडलं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मनापासून येतो हे मला मान्य आहे. आजच्या काळात बाईमाणसानं फुटपाथवर बसून हातानं कचरा निवडायचा, हे शोभतं का? यंत्रं आणा, बंद गाड्या आणा. नाही शोभत. पण बंद गाडी कचरा निवडत नाही, दाबते. कॉम्पॅक्टरमध्ये एकदा दबलेल्या पुठ्ठ्याला आणि आमटीला पुन्हा वेगळं करणारं यंत्र निदान आपल्या महापालिकेनं अजून आणलेलं नाही. मावशींना फुटपाथवर बसावं लागतं, कारण प्रभागात वर्गीकरणासाठी छप्पर असलेली पुरेशी जागा नाही. त्यांचा हात त्या पिशवीत जातो, कारण २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा देणं माझ्यावर बंधनकारक केलं असताना मी तो एकत्र बांधून दिला. शोभेची काळजी असेल तर इथून सुरुवात करता येईल.

राजकारणाचा आणखी एक कचरा आहे, त्याचा हिशेब कुणी मागत नाही: फ्लेक्स. वाढदिवस, निवड, फेरनिवड, 'भावी आमदार', दहावीच्या मुलांचं अभिनंदन ज्यात मुलांचे फोटो टिकलीएवढे आणि साहेबांचा ताटाएवढा. हे सगळं पीव्हीसीवर छापतात. जाळलं तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं निघतात, पुरलं तर कुजत नाही, भंगारवाला घेत नाही. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्यात पीव्हीसीचे बॅनरही आहेत, पण फक्त शंभर मायक्रॉनहून पातळ. फ्लेक्स त्याहून जाडच असतो. कानकोरण्याची काडी बंद झाली, चमचा बंद झाला, चौकातले साहेब बचावले. महापालिकेचा आकाशचिन्ह विभाग (काय नाव आहे!) अधूनमधून कारवाई करतो, म्हणजे बोर्ड उचलतो. मग ठेवतो कुठे, हे विचारायची तुम्हाला आता सवय झाली असेल.

आमच्या स्वयंपाकघरात दोन बादल्या आहेत, हिरवी आणि निळी, दोन्हींवर त्या वेळच्या नगरसेवकाचं नाव आणि चेहरा. करदात्यांच्या पैशातून घरोघरी वाटलेल्या. हिरवीचं झाकण पहिल्याच वर्षी तडकलं, चेहरा अजून स्वच्छ आहे. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या काळात आमच्या गल्लीतला कचरा जास्त साठला की कमी, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. फरक आठवत नाही. दोन्ही बाजूंनी हे लाजिरवाणं आहे.

आता घरची लाज. आमची सोसायटी दोन हजार सालानंतरची, म्हणून गांडूळखताचा खड्डा बांधणं बिल्डरला भाग होतं. त्यानं बांधला, दाखला मिळाला, आणि असा प्रकल्प चालवला तर मिळकतकरात पाच टक्के सवलत मिळते. ती आम्ही घेत होतो. दोन वर्षं मी सेक्रेटरी होतो तेव्हा एकदा त्या खड्ड्याचं झाकण उघडलं. आत बाथरूमच्या उरलेल्या फरश्या, एक फुटका कमोड आणि गणपतीच्या मखराचं थर्माकोल होतं. गांडूळ एकही नाही. सभेत मी विषय काढला. अर्धा तास चर्चा झाली ती वासावर, जो खड्डा कधी वापरलाच नाही त्याच्या संभाव्य वासावर. शेवटी ठराव झाला की विषय पुढील सभेत घ्यावा. सवलतीच्या अर्जावर सही माझीच होती.

म्हणून बाणेर-सूसच्या लोकांना मी नावं ठेवणार नाही. तिथल्या ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पाविरुद्ध रहिवासी हरित न्यायाधिकरणात गेले, २०२० मध्ये तो बंद करून हलवण्याचा आदेश झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. प्रकल्प हलवला तर पश्चिम पुण्याचा कचरा सगळं शहर ओलांडून पूर्वेला न्यावा लागेल, हे न्यायालयानं लक्षात घेतलं. वासाची तक्रार खोटी नसते. पण तो वास दुर्बिणीतून बघायचा की नाकानं घ्यायचा, एवढाच पर्याय असेल तर मी म्हणेन नाकानंच घ्यावा. वास आपल्या दारात असला की प्रकल्पाचा पंखा बंद पडल्याचं त्याच दिवशी कळतं, आणि तक्रार करणाऱ्याकडे वकील असतो. फुरसुंगीच्या विहिरी नासत होत्या तेव्हा पश्चिम पुण्यातल्या कुणाच्या नाकाला ते कळलं नव्हतं.

वेंगुर्ल्याचं उदाहरण दिलं की लोक हसतात, कारण ती जेमतेम बारा-तेरा हजारांची नगरपरिषद. तिथं मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा वीसहून जास्त प्रकारांत वेगळा होऊ लागला आणि जुनं डम्पिंग ग्राउंड बघायला लोक बाहेरगावाहून येऊ लागले. पुण्याला हे कसं जमेल, असं विचारतात. पुण्याला जमणार नाही, कबूल. पण पुण्यात वेंगुर्ल्याएवढ्या वस्त्या कितीतरी आहेत. एका वस्तीचा ओला कचरा तिथंच जिरवायचा, तिच्या हद्दीबाहेर गेलेल्या प्रत्येक टनाचा खर्च तिच्याच विकासनिधीतून कापायचा, आणि वाहणाऱ्याला टनावर पैसे देण्याऐवजी जिरवणाऱ्याला खतावर द्यायचे. मिळकतकराच्या बिलावर वृक्षकर आणि शिक्षणकराच्या ओळी असतात, तिथं आणखी एक ओळ छापा: आपल्या भागाचा कचरा या वर्षी अमुक ठिकाणी गेला. बाकाची पाटी लावायला नगरसेवकाला फार आवडतं, तर ही पाटीही त्याच्याच नावानं लागू दे.

उत्पादकांचं तर मी बोलतच नाहीये. २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागं किमान पन्नास पैसे परत मिळणार होते. माझ्या घरात रोज दोन पिशव्या येतात. ते पन्नास पैसे मला आजवर कुणी दिलेले नाहीत, आणि मीही कुठल्या दुकानदाराकडे कधी मागितले नाहीत.

महापालिकेची निवडणूक झाली त्याच्या पुढच्या आठवड्यात मावशींच्या ढकलगाडीवर नवं कोरं झाकण दिसलं. उमेदवाराचा फ्लेक्स, दोरीनं ताणून बांधलेला. घडी नेमकी चेहऱ्यावर आल्यामुळे एक डोळा, अर्धी मिशी आणि 'आपला माण' एवढंच दिसत होतं. मी म्हटलं, "मावशी, लवकर मिळाला?"

"पडलेल्यांचे लवकर मिळतात," त्या म्हणाल्या. "निवडून आलेल्यांचे अजून लटकलेत."